सुबह शाम पिलाएँ

अत्त्या सुईत दोरा ओवत होती, आणि तिच्या हातात ना सुई होती ना दोरा.

दुपारच्या सुट्टीत शाळेतून पळत आलेली निलम्मा उंबऱ्यातच थांबली. आधी तिला हसू आलं. ओसरीवर नेहमीची अर्धी शिवलेली कौदी, ती ठिगळांची गोधडी, पसरलेली, चिंध्यांचं गाठोडं सोडलेलं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध चंद्रम्माअत्त्या डाव्या हाताची चिमूट उन्हाकडे धरून उजव्या हातानं काहीच नसलेलं काहीतरी तिच्यात घालत होती. दोऱ्याचं टोक तिनं ओठांत धरलं, ओलं करायला बघितलं, पण जीभ ओठांना चिकटून बसली. तरी तिनं नेट लावला. दोरा ओवला गेला असावा, कारण चेहऱ्यावर समाधान आलं. मग हातभर लांब ओढून तिनं तो दातांनी तोडला. तोडताना जो बारीक आवाज व्हायला पाहिजे तो झाला नाही, आणि त्या न झालेल्या आवाजानं निलम्माचं हसू मावळलं. काय करायलीस अत्त्या, असं तिनं विचारलं. अत्त्यानं वर बघितलं. डोळ्यांतला तपकिरी रंग कुठंतरी निघून गेला होता. नुसतं काळं उरलं होतं, विहिरीच्या तोंडासारखं. चेहरा कुंकू सांडल्यासारखा लाल. "आलीस व्हय," अत्त्या अगदी प्रेमानं म्हणाली, "तुझ्या मागच्या बाईला बस म्हण की. कवापासून उभी हाय." निलम्मानं मागं वळून बघितलं. मागं गल्ली होती, भादव्याचं पांढरं ऊन होतं, आणि समोरच्या लाल दगडी भिंतीला पाठ घासत उभी असलेली शेजारच्या लिंगम्माची शेळी होती.

निलम्मा चौदा वर्षांची होती आणि तिला चार भाषा येत होत्या. मराठी आईची, कानडी अत्त्याची, उर्दू शाळेची. चौथी बाजारातली दखनी. ती मात्र आपल्याला येत नाही असंच ती सांगायची, कारण ती भाषा न येणं ही शिकलेल्या माणसाची खूण आहे असं तिला वाटायचं. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव नीलम होतं. शिकवणाऱ्या उस्तानीबाईंनी शेवटचा मा गाळून टाकला होता, आणि त्या गाळण्यानं आपण एका इंचानं उंच झालो असं तिला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. वर्गात तिचा शीन आणि तिचा काफ, म्हणजे उर्दूचा उच्चार, सगळ्यांत साफ. टांगेवाले, भाजीवाले ‘मेरेकू, तेरेकू’ म्हणाले की ती मनातल्या मनात त्यांची वाक्यं सरळ करायची, आणि एकदोनदा तर तोंडावरसुद्धा केली होती. दोन महिन्यांपासून तर गल्लीतला एकही कागद तिच्याशिवाय उघडत नव्हता. कुणाची कचेरीतली नोटीस, कुणाच्या जावयाचं हैदराबादेहून आलेलं पत्र. निलम्मा खांबाला टेकून, एक पाय दुसऱ्यावर टाकून वाचायची, आणि ऐकणाऱ्या बायांच्या तोंडाकडे अधूनमधून बघायची. हे सगळं अत्त्यामुळं. निंबर्ग्याला दिलेली अत्त्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत आली, ती दोन लुगडी आणि छातीतली शिट्टी घेऊन. पोरीला शाळेत घालायचं म्हटल्यावर सगळे भाऊबंद निलम्माच्या आप्पांवर, गुरुशांतप्पांवर, तुटून पडले तेव्हा हीच मधे उभी राहिली होती. मी जलमभर अंगठा उठवला, हिला सही येऊ दे, एवढंच म्हणाली आणि दम लागला म्हणून खाली बसली.

औषधाची चिठ्ठी चार दिवसांपूर्वी आली. भादवा लागला की अत्त्याच्या छातीत रात्रंदिवस कुणीतरी भाता चालवायचं, आणि या वर्षी तो भाता थांबेचना. गुरुशांतप्पा हकीमसाहेबांकडे जाऊन आले. हकीमसाहेबांनी बराच वेळ समजावून सांगितलं म्हणे. पण आप्पांच्या डोक्यात कापडाचं दुकान होतं आणि दुकानात बसवून आलेलं लग्नाचं गिऱ्हाईक होतं, त्यामुळं त्यांनी हौ हौ करत मान हलवली आणि कागद तेवढा घेऊन आले. पोरगी हाय की वाचायला. पोरगीनं वाचलं. पायरीवर उभी राहून, बाया ऐकतायत हे बघून, एकेक शब्द मोत्यासारखा वेगळा करून. बर्ग-ए-धतूरा, खुश्क, एक माशा. सुबह शाम पिलाएँ. मग तिनं अर्थ सांगितला. बर्ग म्हणजे पान, खुश्क म्हणजे वाळलेलं, सकाळ-संध्याकाळ प्यायला द्यावं. आई, रत्नम्मा, पीठ मळता मळता म्हणाली होती, "धोत्रा? आणि प्यायचा?" त्यावर निलम्मानं कागदावर बोट ठेवलं. "लिहिलंय की आई. पिलाएँ." तो शेवटचा अनुनासिक तिनं उस्तानीबाईंसारखा नाकात घोळवून सोडला, आणि आई गप्प बसली. वाचता येणाऱ्या माणसापुढं आई नेहमीच गप्प बसायची. पानं निलम्मानंच आणली, किल्ल्याच्या खंदकाकडून, पांढऱ्या तुताऱ्यांसारख्या फुलांच्या मधून वेचून. माळवदावर तीन दिवस वाळवली. माशाचं बारीक वजन मोजायला घरात काही नव्हतं. मूठ होती. आज सकाळी शाळेला जायच्या आधी तिनं गुळाचा खडा टाकून तांब्याभर काढा उकळला, अर्धा पेल्यात ओतला. अत्त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. कहि, ती म्हणाली, कानडीत, कडू. निलम्मा हसली, एका हातानं तिचं नाक धरलं आणि दुसऱ्या हातानं पेला तिच्या ओठांना लावून धरला, तळ दिसेपर्यंत. औषध हाय अत्त्या, सरबत न्हाई. मग वेणीला तेल लावून ती शाळेत गेली होती, आणि तिथं तिनं एका धड्याचं असं वाचन केलं होतं की उस्तानीबाईंनी पुस्तक मिटून नुसतं ऐकलं होतं.

आणि आता अत्त्या चिंध्यांच्या गाठोड्यातून एकेक अदृश्य मुंगी चिमटीत धरून बाजूला ठेवत होती. नीरु, नीरु, म्हणत होती. पाणी दिलं तर घोट घशात अडकून बाहेर यायचा. अंगाला हात लावला तर तव्यासारखं गरम, आणि घामाचा थेंब नाही. आई म्हणाली, उन्हाचं हाय. बसली असंल सकाळपासून उन्हात शिवत. मग म्हणाली, संध्याकाळचा काढा राहिलाय ना, तो दे, औषधाचं पाणी तरी पोटात जाईल. हे आई म्हणाली होती. पण उठून तांब्या आणला तो निलम्मानं. तोंडाला लावला तो निलम्मानं. अत्त्या यावेळी तक्रार न करता, एकेक थेंब कसाबसा गिळत प्याली, कारण तहान एवढी होती की तिला कडू कळलंच नसावं. पुढं कितीतरी दिवस निलम्माला झोपेतून उठल्या उठल्या स्वतःचा तो हात दिसायचा. तांब्याच्या काठाला लावलेली स्वतःचीच चार बोटं, काळजीपूर्वक, एकही थेंब सांडू नये म्हणून.

मग घर बदलायला लागलं. म्हणजे घर तेच होतं. पण अत्त्या जिकडं बोट दाखवायची तिकडं ते थोडंसं सरकायचं. अंगणात पंगत बसलीय, ती म्हणाली, पांढऱ्या धोतरातली माणसं, ताटं रिकामी हायती, वाढा की. रत्नम्मा भीत भीत अंगणाला वळसा घालून विहिरीकडं गेली, मधून गेली नाही. निलम्मानं ते बघितलं. आई कुणाच्या ताटावर पाय पडू नये म्हणून कडेनं चालत होती. अत्त्या तिच्या मेलेल्या नवऱ्याशी कानडीत थट्टा करत होती, लाजत होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या आवाजात एक नवी नवरी येऊन बसली होती. मग एकदम घाबरून गळ्यातल्या लिंगाचा दोरा ओढायला लागली, हे गळा आवळतंय म्हणून, आणि तो दोरा सोडवून घेताना निलम्माच्या हाताला जे बळ जाणवलं ते अत्त्याचं नव्हतंच. सगळ्यांत भयंकर म्हणजे भिंत. इकडचा लाल दगड भोकाभोकांचाच असतो, लहानपणापासून बघितलेला. अत्त्या म्हणाली, तिथं डोळे हायती, मिटायलेत, उघडायलेत. निलम्मानं बघितलं, आणि एक क्षण, फक्त एक क्षण, भिंतीनं पापण्या हलवल्या.  दिसणं एवढं सोपं असतं हे तिला माहीत नव्हतं. आपणसुद्धा कागदावरचे काळे फराटे बघतो आणि म्हणतो इथं अमुक लिहिलंय. आईला तिथं नुसत्या मुंग्या दिसतात. मग खरं कुणाला दिसतं? मुंग्या बघणाऱ्या आईला, की त्यांच्यात माणसं, गावं, औषधं बघणाऱ्या आपल्याला? हा विचार तिनं चटकन बाजूला ठेवला, अत्त्या मुंगी ठेवत होती तसा.

दुकानातून गुरुशांतप्पा आले तोवर निम्मी गल्ली ओसरीवर होती. ऊन लागलं असं ते म्हणत होते. लिंगम्मानं ते मोडून काढलं. ऊन लागलेलं माणूस लाजतंय व्हय, ती म्हणाली. मंगळवारी ही चौकात चौबाऱ्याच्या बुरजापाशी तिन्हीसांजेला एकटी उभी होती, मी बघितलंय, तिथंच काहीतरी अंगावर आलं. सगळ्यांना हे पटलं, कारण यात पटण्यासारखं सगळं होतं, जागा, वेळ, एकटी बाई. आणखी एक गोष्ट रत्नम्माच्या ध्यानात आली आणि तिनं ती दबक्या आवाजात सांगितली. सकाळपासून चंद्रम्माच्या छातीतली शिट्टी बंद होती. सगळ्यांनी कान दिला. खरंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या छातीतून श्वास आवाज न करता येत-जात होता, एखाद्या रिकाम्या खोलीतून वारा जावा तसा. दमा गेलाय आणि त्याच्या जागी दुसरं कुणीतरी आलंय, लिंगम्मा म्हणाली. टांगा पाठवून नौबादहून हरिबाला आणायचं ठरलं. हरिबा अशा गोष्टी उतरवायचा. त्याची रीत सगळ्यांना माहीत होती. बाधा झालेल्या माणसाला घोंगडीखाली घ्यायचं, आणि लोखंडी घमेल्यात इंगळावर लाल मिरच्या टाकून ते घोंगडीच्या आत सरकवायचं. धूर सोसेना झाला की आतलं जे असेल ते नाव सांगतं.

टांगा आला तेव्हा ऊन जरा कलतं झालं होतं. हरिबा आत येऊन बसला, त्यानं अत्त्याकडं एकदा बघितलं, आणि घाई न करता मिरच्या मागितल्या, मूठभर, ब्याडगी नको, गावठी. आई उतरंडीकडं गेली. निलम्मा पायरीवर बसली होती, कारण तिला भिंतीकडं बघायचं नव्हतं. हरिबानं घमेल्यातल्या इंगळावर बिडी पेटवली. टांगेवाला घोड्याला पाणी दाखवून पायरीपाशी उकिडवा बसला होता, त्यानं आत हात पुढं केला आणि सहज म्हणाला, "मामू, एक बिडी हमनाबी पिलाव ना."

निलम्मानं सवयीनं ते वाक्य मनात सरळ करायला घेतलं. हमको भी पिलाइए. आणि मग ती तिथंच थांबली. पिलाव. बिडी पिलाव. हा शब्द तिनं रोज ऐकला होता, शाळेच्या वाटेवर, टांग्याच्या अड्ड्यावर, हमालांच्या तोंडून. हुक्का पितात, चिलीम पितात, धूर पितात, या अख्ख्या मुलखात धूर पितातच. फक्त उस्तानीबाईंच्या पुस्तकात तहानलेल्याला पाणी पाजतात. आणि तिनं पुस्तक घेतलं होतं, मुलूख टाकला होता. हकीमसाहेबांना दोन्ही येत होतं. वाळलेलं पान. एक माशा. उकळायचं असतं तर वाळवायचं कशाला? हा प्रश्न तिच्या आईनंसुद्धा विचारला असता, जर तिला विचारायची मुभा असती. पण अत्त्या आणि चिलीम? गळ्यात लिंग असलेली, हात धुतल्याशिवाय चुलीला न शिवणारी अत्त्या तोंडातून धूर काढतेय हे चित्र या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, म्हणून शब्दानं आपोआप दुसरी वाट धरली आणि तिनं त्या वाटेवर तांब्या घेऊन चालत जाऊन विष पाजलं. दोनदा. तिचे कान वाजायला लागले. त्या वाजण्यात एक फार शांत आवाज होता, तिचाच, वाचताना लागतो तसा साफ. तो म्हणाला, कुणालाच माहीत नाही. चौबारा माहीत आहे, मंगळवार माहीत आहे. अत्त्या गेली तर ती बाधेनं गेली असंच गल्ली म्हणेल. शाळा राहील. तू नीलम राहशील. आत मिरच्या इंगळावर पडल्या. पहिली तडतड झाली, आणि तो वास नाकात आल्या आल्या ओसरीवरची सगळी माणसं ठसकली. अत्त्या ठसकली नाही. ती भिंतीतल्या कुणाला तरी, आत ये, म्हणत होती. हरिबानं घोंगडी उचलली.

"आप्पा, धुरी नको," निलम्मा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो परत काढावा लागला. "बाधा न्हाई ती. मी चुकले. ते पान ओढायचं होतं, चिलमीत. मी उकळून पाजलं."

कुणाला काही कळलं नाही. आप्पांनी विचारलं, काय ओढायचं. तिनं पुन्हा सांगितलं, पिलाएँ म्हणजे काय ते सांगितलं, टांगेवाल्याच्या हातातल्या बिडीकडं बोट केलं. टांगेवाल्यानं ती बिडी पाठीमागं लपवली. सांगता सांगता आपण शिकवतोय असा आवाज येतोय हे तिचं तिलाच ऐकू येत होतं आणि लाज वाटत होती. हरिबानं घोंगडी खाली ठेवली नाही. "शाळंत घातल्यावर पोरी चिलमीचंच बोलणार की," तो म्हणाला, आणि एकदोघं हसले. गुरुशांतप्पा हसले नाहीत. त्यांना हकीमसाहेबांची खोली आठवत असावी. त्यांचं तोंड हळूहळू उघडत गेलं, हकीमसाहेबांनी हाताची चिलीम करून दाखवलेली त्यांना आता, चार दिवसांनी, दिसत होती. त्यांनी पायानं घमेलं अंगणात ढकललं. मग बहिणीला दोन्ही हातांवर उचलून टांग्यात घातलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी अत्त्याच्या पापण्या उचलून काडी पेटवून डोळ्यासमोर धरली. काळं मिटलं नाही, लहानसुद्धा झालं नाही. त्यांनी निलम्माकडं बघून विचारलं, क्या पिलाया? तोच शब्द. तिनं सगळं सांगितलं, मूठ किती होती तेही, बोटं मिटून दाखवलं. नळी घालून पोट धुतलं, लालसर पाण्यानं, पुन्हा पुन्हा, सुई टोचली, डोक्याला आणि काखेत ओल्या पट्ट्या ठेवल्या, तुंबलेली लघवी काढली तेव्हा तिला बाहेर उभं केलं. नंतर डॉक्टरांनी हात पुसता पुसता तिला जे सांगितलं ते तिनं धड्यासारखं ऐकलं. म्हणाले, यात कुणी अंगात येत नाही. मेंदूला विष चढलं की तो आपलीच चित्रं बाहेर मांडतो. मुदतीच्या तापात हेच होतं, उन्हानं होतं, शिंदी पिणाऱ्याची शिंदी एकदम तोडली तरी होतं, म्हाताऱ्या माणसाला नुसत्या लघवीच्या त्रासानंही होतं. आधी कारण शोधायचं. कारण सापडलं तर निम्मं काम झालं. तू सांगितलंस म्हणून मला शोधावं लागलं नाही. आणि धूर दिला असता, ते म्हणाले, आणि हात पुसायचं फडकं खाली ठेवलं. उरलेलं निम्मं काम निलम्माचं. खोलीत उजेड ठेवायचा, गर्दी नको, एकच ओळखीचा चेहरा. अत्त्या जे बघतेय ते खोटं म्हणून भांडायचं नाही आणि खरं म्हणून मान हलवायची नाही. नुसतं सांगत राहायचं, तू कोण, मी कोण, ही जागा कोणती, आज वार कोणता.

दोन दिवस निलम्मा तेच सांगत राहिली, कानडीत, कारण अत्त्या आत जिथं होती तिथं फक्त कानडी पोचत होती. मी निलम्मा. हा बीदरचा दवाखाना. आज गुरुवार. अत्त्या तिला कधी सासू म्हणायची, कधी बहीण, एकदा तर हातावर चापट मारून म्हणाली, तू मेलेली आहेस, जा. निलम्मा म्हणायची, मी निलम्मा, आज गुरुवार; आणि दुसऱ्या दिवशी, आज शुक्रवार. शंभराव्यांदा म्हणताना तिला शंका यायची की खरंच आज तोच वार आहे का, आपण निलम्मा आहोत याला पुरावा काय. मग ती हातावरच्या चापटीच्या जागेला हात लावायची, ती दुखायची. आप्पा बाहेरच्या बाजूला बसून असायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून हळू सांगितलं की चंद्रम्माला शुद्ध आली की ऊन लागलं होतं असंच सांगायचं. कळलं तर तुझ्या हातचं पाणी घेणार न्हाई ती पुन्हा, आणि जलमभर जीव झुरंल तिचा. शाळेचं काय, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, ते मागनं बघू. हे सांगताना त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी परत आली. छातीत बारीक, जुनी, ओळखीची. निलम्मानं ती ऐकली आणि पायरीवर जाऊन जरा रडून आली. परत आली तेव्हा अत्त्या तिच्याकडं बघत होती, आणि डोळ्यांत काळ्याभोवती तपकिरी कडा होती. निला, ती म्हणाली.  काय झालं होतं मला, असं विचारलं, तेव्हा निलम्मा म्हणाली, ऊन लागलं होतं अत्त्या. शब्द सहज निघाले, शीन-काफसारखे साफ.

अत्त्या हळूहळू आठवत गेली, चिंध्या जुळवाव्यात तशी. अंगणात पंगत होती. भिंतीला डोळे फुटले होते. यजमान आले होते, तरणे होते, मी म्हातारी झाले म्हणून हसत होते. सांगताना ती स्वतःच थोडं हसली. "ते सगळं खोटं, कळतंय मला आता," ती म्हणाली. मग थांबली, श्वास जमवला. "अजून एक दिसायलंय. तू माझं नाक धरलंयस आणि काहीतरी कडू ओतायलीस. मी नको म्हणायले, आणि तू हसायलीस. तेबी तसलंच व्हय गं?"

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं, खोटं म्हणून भांडायचं नाही, खरं म्हणून मान हलवायची नाही. पण ते भासांबद्दल होतं. बाहेर आप्पा खाकरले; दार उघडंच होतं. एक व्हय म्हटलं की संपलं असतं. पंगतीतली माणसं, भिंतीतले डोळे आणि हसत हसत विष पाजणारी पोरगी, तिघंही एकाच दारानं निघून गेली असती आणि कुणीच परत आलं नसतं. फक्त अत्त्याला यापुढं कधीच कळलं नसतं की आपल्या डोळ्यांवर कुठपर्यंत भरवसा ठेवायचा.

"न्हाई अत्त्या," निलम्मा म्हणाली. "ते खरं. तेवढं एकच खरं." आणि तिनं सगळं सांगितलं, चिठ्ठीपासून, मुठीपासून, दुपारी तोंडाला लावलेल्या तांब्यापर्यंत.

अत्त्या डोळे मिटून पडून राहिली, आणि छातीतली शिट्टी वर-खाली होत राहिली, इतका वेळ की ती झोपली असं वाटलं. मग डोळे न उघडता तिनं पाणी मागितलं. निलम्मानं पेला भरला, एका हातानं तिचं डोकं उचललं आणि पेला ओठांपाशी नेला. ओठ मिटलेलेच राहिले. अत्त्यानं डोळे उघडून पेल्यात बघितलं, मग तिच्या तोंडाकडं.

"आधी तू पी," ती म्हणाली.

निलम्मा प्याली. पाणी साधं होतं, दवाखान्याच्या रांजणातलं, थोडं मातकट. अत्त्या तिच्या डोळ्यांकडं बघत राहिली, पहिला घोट उतरेपर्यंत, दुसरा उतरेपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ. मग तिनं हात पुढं केला.

"आण," ती म्हणाली. पेला मात्र तिनं स्वतःच्याच हातानं धरला.